जुन्या मोटारींची परदेशवारी आणि सीमेची किंमत

जुन्या मोटारी बाळगणे हा श्रीमंतांचा चाळा आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. दिल्लीत १९६४ पासून भरत आलेल्या स्टेट्समन रॅलीची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून पाहणाऱ्या वाचकाच्या मनात संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, पितळी भोंगे आणि फेटे बांधलेले चालक एवढेच चित्र उभे राहते. थॉर्स्टाइन व्हेब्लेन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली ज्याला दिखाऊ उपभोग म्हटले, त्याचे ह्याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. मग अशा मोटारींच्या एखाद्या क्लबाने शनिवार-रविवार जोडून परदेशाची सहल काढावी, ह्यात गंभीर चर्चेला घेण्याजोगे काय आहे?

प्रस्तुत लेखकाच्या मते पुष्कळ आहे. दोन देशांमधील सीमा सामान्य माणसाला किती महाग पडते, हे मोजण्याची साधने फारशी नाहीत. आयात-निर्यातीचे आकडे मोठ्या व्यापाऱ्यांची कहाणी सांगतात; पर्यटनाचे आकडे विमान कंपन्यांची आणि हॉटेलांची. परंतु नफ्याची अपेक्षा नसलेली वीस-पंचवीस कुटुंबे स्वतःच्या जुन्या गाड्या घेऊन तीन दिवसांसाठी शेजारच्या देशात जाऊन येऊ शकतात की नाही, आणि जाण्यासाठी त्यांच्या बिनपगारी चिटणीसाला किती कागद रंगवावे लागतात, हे पाहिले की त्या सीमेचे खरे स्वरूप कळून येते. इंग्लंडमधील क्लबांच्या फ्रान्सवाऱ्या ह्या दृष्टीने अभ्यासण्यासारख्या आहेत.

वारीचा आराखडा

आधी हे स्पष्ट केले पाहिजे की, इंग्लंडमधील अशा क्लबांचे बहुसंख्य सभासद राजेमहाराजे नाहीत. त्यांच्या गाड्या म्हणजे मॉरिस मायनर, ऑस्टिन, ट्रायम्फ, एम. जी. अशा एकेकाळच्या मध्यमवर्गीय मोटारी. आपली अॅम्बॅसडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यातून निघाली, तीही ह्याच पंगतीतली. निवृत्त शिक्षक, कारखान्यातील फिटर, टपाल खात्यातील कारकून अशी माणसे वर्षानुवर्षे रविवारच्या रविवारी कार्ब्युरेटर उघडून बसतात आणि उन्हाळ्यात एकदा सगळे मिळून कोठेतरी जातात.

फोकस्टनहून कॅलेला जाण्यासाठी १९९४ साली खुल्या झालेल्या बोगद्यातील आगगाडीत मोटार चढवली की पस्तीस मिनिटांत खाडी ओलांडता येते. डोव्हरहून फेरीबोटीने दीड तास लागतो. मात्र फ्रान्सच्या भूमीवर उतरल्यावर ह्या गाड्यांचा वेग चिटणीसाला विसरता येत नाही. १९५०च्या दशकातील आठशे घनसेंटिमीटरच्या इंजिनाची मॉरिस मायनर द्रुतगती मार्गावर मालट्रकांच्या रांगेत अडथळाच ठरते. म्हणून मार्ग आखला जातो तो जिल्हा रस्त्यांवरून. १ जुलै २०१८ पासून फ्रान्सने दुपदरी ग्रामीण रस्त्यांवरील वेगमर्यादा सर्वसाधारणपणे ताशी नव्वदवरून ऐंशी किलोमीटरवर आणली, तेव्हा तेथील नव्या गाड्यांचे चालक रागावले. जुन्या मोटारवाल्यांना मात्र ती सोयीचीच वाटली असणार. दिवसाला दीडशे किलोमीटर, मध्ये दोन थांबे, आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्काम, हा अशा वारीचा शहाणा हिशेब होय. सहा व्होल्टच्या दिव्यांवर, उजव्या बाजूने चालणाऱ्या अनोळखी वाहतुकीत रात्री गाडी हाकण्यात शौर्य आहे, पण शहाणपण नाही.

एवढ्या अंतरात सँ-ओमेर, कासेलची टेकडी, माँत्रयची तटबंदी अशी सुरेख गावे येतात. कॅलेपासून शंभर किलोमीटरच्या आतच नव्ह-शापेल हे खेडे आहे. तेथे १९२७ साली उभारलेल्या स्मारकावर, ज्यांच्या समाधीचाही पत्ता लागला नाही अशा चार हजार सातशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावे कोरलेली आहेत. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी ह्याच गावावरील हल्ल्यात आपल्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन तुकड्यांची धूळधाण झाली. इंग्लंडमधील एखाद्या मराठी कुटुंबाने अशा वारीत भाग घेतला, तर दुपारचा एक थांबा येथे घालण्याचा आग्रह त्याने अवश्य धरावा.

किती गाड्या असाव्यात?

जेम्स ब्यूकॅनन ह्या अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली क्लबांचा एक सिद्धान्त मांडला. सभासद वाढत जातात तसा प्रत्येकाच्या वाट्याचा खर्च घटतो. पण एका मर्यादेनंतर गर्दीमुळे प्रत्येकाचे सुखही घटू लागते. ह्या दोहोंचा तोल जेथे साधतो, ती क्लबाची योग्य संख्या. वर्गात हा सिद्धान्त शिकवताना पोहण्याच्या तलावाचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. मोटारींची वारी हे त्याहून चांगले उदाहरण होय.

आठ गाड्या असतील तर हॉटेलवाला सवलत देत नाही आणि मेकॅनिक सभासद बरोबर असण्याची शक्यताही कमी. वीस गाड्या असतील तर तीन-चारजण तरी इंजिनाचे जाणकार निघतात. फॅनबेल्ट, काँडेन्सर, पॉइंट, रेडिएटरचा होज, हेड गॅस्केट अशा सुट्या भागांची एकच पेटी सर्वांना पुरते. म्हणजे ती पेटी हा एक छोटासा सामुदायिक विमाच असतो. परंतु गाड्या चाळीस झाल्या की खेड्यातील हॉटेलचे अंगण अपुरे पडते, जेवणाला दोन पंगती लागतात, आणि चौकातल्या एका सिग्नलने ताफ्याचे चार तुकडे होतात. फ्रान्समध्ये पन्नासांहून अधिक गाड्यांचा मेळावा रस्त्यावर आणायचा तर प्रशासनाला आगाऊ सूचनाही द्यावी लागते. तेव्हा वीस ते पंचवीस हीच संख्या व्यवहारात योग्य ठरते.

ह्या गाड्यांनी एकापाठोपाठ एक चालण्याचा हट्टही धरू नये. पंढरीच्या वाटेवर दिंड्यांचा क्रम आणि मुक्काम ठरलेले असतात, तसे थांबे आणि वेळा मार्गपुस्तिकेत छापून द्याव्यात; चार-पाच गाड्यांचे गट करून त्यांना दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडावे; आणि सर्वांत शेवटी सुट्या भागांची पेटी घेऊन जाणकाराची गाडी असावी. मागे राहिलेला सभासद तिला रस्त्यात भेटतोच.

चिटणीसाचे बिनपगारी श्रम

खर्चाची वाटणी हा दुसरा नाजूक प्रश्न. बोगद्यातील भाडे मोटारीमागे असते, माणसांमागे नव्हे, हॉटेलचे भाडे खोलीमागे, जेवणाचे पानामागे. एकट्याने येणाऱ्या विधुर सभासदावर मोटारीचे आणि खोलीचे संपूर्ण भाडे पडते, तर चारजणांचे कुटुंब तेच भाडे चौघांत विभागते. सर्वांना सरसकट एकच वर्गणी लावली की कोणीतरी कुरकुरते, आणि प्रत्येकाचा काटेकोर हिशेब केला की चिटणीसाच्या रात्री त्यात जातात. अनुभवी क्लब प्रवासाचे आणि खोलीचे पैसे प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे घेतात आणि मार्गपुस्तिका, सुटे भाग, गाडी ओढून नेण्याचा प्रसंग अशा सामाईक बाबींसाठी गाडीमागे सारखी रक्कम काढतात. हे न्याय्यही आहे आणि समजावून सांगण्यास सोपेही.

परंतु खरी मेख पुढे आहे. चिटणीसाने प्रवास आणि मुक्काम ह्या दोन सेवा एकत्र बांधून सभासदांकडून एकरकमी पैसे घेतले, तर तो कायद्याच्या दृष्टीने सहलकंपनी ठरू शकतो. १ जुलै २०१८ पासून ब्रिटनमध्ये लागू झालेले ह्याविषयीचे नियम ग्राहकाच्या हिताचेच आहेत. सहलकंपनी बुडाली तर प्रवाशाचे पैसे सुरक्षित राहावेत, म्हणून संयोजकाने आर्थिक हमी द्यावी, अशी त्यांत तरतूद आहे. सुदैवाने क्वचित प्रसंगी, नफ्याचा हेतू न ठेवता, मर्यादित गटासाठी काढलेल्या सहलींना त्यांत सूट आहे. ह्या सूटीत राहावयाचे तर वर्षाला एखादीच वारी काढावी, ती सभासदांपुरतीच ठेवावी, पैसे क्लबाच्या स्वतंत्र खात्यात ठेवून उरलेली शिल्लक परत करावी, आणि जाहीर जाहिरात देऊन अनोळखी लोकांना गोळा करू नये. आपल्याकडील गणेशोत्सव मंडळाचा प्रामाणिक खजिनदार हे नियम न वाचताही असाच वागेल. पण परक्या देशात अपघात झाल्यावर प्रामाणिकपणाबरोबर कागदही दाखवावा लागतो.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ह्या चिटणीसाचे श्रम शून्य धरले जातात. त्याच कामाबद्दल सहलकंपनीने शुल्क आकारले की ते उत्पन्नात मोडते. ही लेखापद्धतीची मर्यादा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी सांगितली जाते. तिचा व्यावहारिक परिणाम मात्र कोणी सांगत नाही. तो असा की, सरकार जेव्हा एखादा नवा नियम करते, तेव्हा तो पाळण्यासाठी खर्च होणाऱ्या ह्या बिनपगारी तासांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही, आणि म्हणून ते फुकटच आहेत असे गृहीत धरले जाते.

सीमा परत आली

ह्याचा प्रत्यय ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर आला. ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला आणि खाडीवर सीमा पुन्हा उभी राहिली. १९४९ साली पाया घातलेली आणि १९५३ पासून चालू झालेली मोटारविम्याच्या हिरव्या पत्राची पद्धत ही युरोपातील एक थोर व्यवस्था. एका देशाच्या गाडीने दुसऱ्या देशात कोणाला धडक दिली, तर तेथील विमा-मंडळ भरपाई देते आणि मागाहून पहिल्या देशाच्या मंडळाकडून ती वसूल करते. युद्धात नुकतीच होरपळलेली राष्ट्रे आपापसांत एवढा विश्वास निर्माण करू शकली. हे हिरवे पत्र ब्रिटिश मोटारवाल्यांना १ जानेवारी २०२१ पासून युरोपीय संघात पुन्हा जवळ बाळगावे लागले. त्याच वर्षी २ ऑगस्टपासून ती अट उठली, ही समाधानाची गोष्ट. पण बाकीच्या अटी राहिल्या. कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येते. पारपत्र दहा वर्षांहून जुने चालत नाही. २८ सप्टेंबर २०२१ पासून गाडीवरील राष्ट्रचिन्हाची जी. बी. ही अक्षरे बदलून यू. के. अशी करावी लागली. म्हणजे जुन्या गाडीवरील पितळी जी. बी. पट्टी ही केवळ शोभेची वस्तू उरली. डब्यात मांसाचे किंवा चीजचे सँडविच नेण्यासही बंदी आली. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाने परकीयांच्या बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली.

ह्यांतील एकही अट एकेकटी पाहिली तर असह्य नाही. परंतु अशा अटींचा भार सारखा पडत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. अर्थशास्त्राच्या भाषेत हा स्थिर खर्च आहे. वर्षाला पन्नास सहली काढणारी कंपनी तो एकदा सोसते आणि पन्नास सहलींवर वाटते. वर्षातून एकदाच निघणाऱ्या क्लबाच्या चिटणीसाला तो सगळा एकाच वारीवर सोसावा लागतो, आणि सत्तरीतल्या सभासदाच्या पारपत्राची तारीख निघण्यापूर्वी तपासून घेण्याचे कामही त्यालाच करावे लागते. असा चिटणीस एके वर्षी थकून राजीनामा देतो. त्याच्या जागी कोणी येत नाही. मग ज्यांना परवडते ते महागड्या सहलकंपनीकडे जातात आणि फिटर व कारकून घरी राहतात. जो छंद श्रीमंतांचा नव्हता, तो अशा रीतीने हळूहळू श्रीमंतांचा बनतो. नियम करणाऱ्यांच्या मनात हे नसते. परिणाम मात्र हाच होतो.

प्रदूषणाचा आक्षेप येथे टाळता येणार नाही. जुन्या इंजिनाचा धूर अधिक घातक असतो हे निर्विवाद आहे, आणि शहरांनी आपली हवा राखण्यासाठी निर्बंध घालावेत हेही योग्यच. परंतु वर्षात थोडेच मैल धावणाऱ्या गाडीला रोजच्या गाडीचा न्याय लावू नये, हे बहुतेक देशांनी मान्य केले आहे. अडचण व्याख्येची आहे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची वयोमर्यादा तीस वर्षे. जर्मनी १९९७ पासून तीस वर्षांच्या गाड्यांना एच अक्षराची पाटी देतो. ब्रिटन चाळीस वर्षांनंतर करमाफी आणि २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट देतो. तर भारताने २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षांची अट घातली आहे. परिणामी पस्तीस वर्षांची एकच गाडी जर्मनीत वारसा ठरते आणि ब्रिटनमध्ये नुसतीच जुनी. एका देशाने दिलेला ऐतिहासिक दर्जा दुसऱ्याने मानण्याची साधी व्यवस्था झाली, तर चिटणीसाचे निम्मे श्रम वाचतील. ती होईपर्यंत मोठी शहरे टाळून मार्ग आखणे एवढेच त्याच्या हाती आहे.

पन्नास किलोमीटर

ह्या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असे वाचक विचारील. छंद आपल्याकडेही आहे, आणि अडचणीही त्याच आहेत. २०२१ च्या नियमांनी जुन्या गाड्यांना स्वतंत्र नोंदणी आणि व्ही. ए. अक्षरांची पाटी मिळाली, ही स्वागतार्ह गोष्ट. २०२५ साली देशातील पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या खाते, हे कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पद्मिनीच्या मालकाला कोणी सांगण्याची गरज नाही. पण आपला क्लब शनिवार-रविवारी परदेशी जाईल तो कोठे?

नेपाळात आपल्या गाड्या दिवसागणिक जकात भरून जातात, हा एक सुखद अपवाद. अन्य अनेक देशांत गाडी न्यावयाची तर १९५४ च्या आंतरराष्ट्रीय करारातील जकातपत्र, म्हणजे कार्ने, काढावे लागते. गाडी परत आली नाही तर परदेशी जकातीची रक्कम भरण्याची हमी त्यामागे असते, आणि त्यासाठी मालकाला तारण ठेवावे लागते. तीन दिवसांच्या सहलीसाठी कोण हे करील? बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ ह्यांनी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे परस्परांच्या मोटारींना वाट देण्याचा करार केला. भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने पुढच्याच वर्षी त्याला मान्यता नाकारली. मोठ्या शेजाऱ्याच्या गाड्यांनी आपले रस्ते भरून जातील ही त्या लहान देशाची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. पण वीस मोटारींच्या क्लबासाठी आणि हजारो मालट्रकांसाठी एकच दार असले की ते दोघांनाही बंद होते, हा त्यातला धडा आहे. आणि पश्चिमेकडील सीमेविषयी काय लिहावे? २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम येथील हत्याकांडानंतर अटारीची तपासणी चौकी बंद करण्यात आली. त्या निर्णयामागील संताप रास्त होता.

तरीही एक आकडा मनातून जात नाही. इंग्लंड-फ्रान्समधील बोगद्याची लांबी सुमारे पन्नास किलोमीटर आहे. अमृतसरहून लाहोरही साधारण तेवढेच. क्लबाच्या गाड्या कॅलेहून दक्षिणेला जाताना ज्या अझँकूरवरून जाऊ शकतात, तेथे १४१५ साली इंग्रजांनी फ्रेंच सरदारांची कत्तल केली. त्यानंतर त्या दोन राष्ट्रांनी शतकानुशतके एकमेकांचे रक्त सांडले, आणि १९०४ साली सलोख्याचा करार केला. विम्याचे हिरवे पत्र त्यानंतर अर्ध्या शतकाने आले आणि बोगदा नव्वद वर्षांनी. ह्यावरून घाई करू नये हा बोध जसा घेता येतो, तसा आरंभ केव्हातरी करावा लागतो हाही घेता येतो.

तो आरंभ जेथे वैर नाही तेथून करावा. नेपाळ आणि भूतान ह्यांच्याशी बिनव्यापारी, अल्पकाळच्या मोटारप्रवासासाठी एक वेगळे, छोटे दार ठेवावे. दोन्हीकडे चालेल असे एकच विमापत्र असावे. आणि नोंदणीकृत क्लबाच्या सामूहिक हमीवर जकातीचे तारण माफ व्हावे. ह्याने राज्याची तिजोरी रिकामी होणार नाही. नियम करणाऱ्या अधिकाऱ्याने फक्त एवढेच करावे की, मसुद्यावर सही करण्यापूर्वी, दिवसभराची नोकरी संपवून रात्री जेवणाच्या टेबलावर हे कागद भरत बसणाऱ्या एका चिटणीसाची आठवण ठेवावी. त्याला जी सीमा ओलांडता येते, ती कोणालाही ओलांडता येईल.